तारीख आणि छातीतली कळ

तारखेला कोर्टात आलेल्या माणसाची पिशवी पाहिली, की तो कसल्या दाव्यातला आहे याचा अंदाज मला येतो. जमिनीच्या वादातला असेल तर सातबारा, फेरफार, आजोबांच्या काळातल्या खरेदीखताची सुरळी. घटस्फोटाच्या दाव्यातली बाई असेल तर लग्नपत्रिका, अल्बम, सराफाच्या पावत्या, पोरांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, बँकेचं पासबुक. आणि पिशवीच्या तळाला गोळ्या. पित्ताच्या, डोकेदुखीच्या, कुणाकडे झोपेच्या, चाळिशी उलटली असेल तर रक्तदाबाच्या. पाण्याची बाटली काढताना त्या बाहेर येतात आणि पुन्हा आत ढकलल्या जातात.

सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात मी बरीच वर्षं वकिली करते. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं नवरा-बायकोच्या दाव्यांतच गेली. पोटगी, ताबा, स्त्रीधन, घटस्फोट. या कामात कायदा जितका कानावर पडतो, तितकंच शरीरही पडतं. “मॅडम, पुकारा झाला की छातीत धडधडायला लागतंय.” “समोरच्या बाकावर सासू बसलेली दिसली की हात गार पडतात.” “पहाटे तीनला जाग येते ती येतेच, परत डोळा लागत न्हाई.” पुरुष सहसा एवढं बोलत नाहीत. ते छातीवर मूठ चोळतात, ‘ॲसिडिटी’ म्हणतात आणि चहाच्या गाड्याकडे जातात.

या सगळ्याला आपल्याकडे एकच उत्तर तयार असतं: “टेन्शन आहे, दुसरं काही नाही.” हे वाक्य आई म्हणते, भाऊ म्हणतो, शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूस म्हणतो. मला या वाक्याचा अर्धा भाग मान्य आहे. टेन्शन आहे, खरंच आहे. वाद आहे तो ‘दुसरं काही नाही’ याच्याशी. घटस्फोटाच्या काळात माणसाच्या छातीत दुखलं, तर टेन्शन हे तपासणी करण्याचं कारण आहे, आणि आपण ते तपासणी टाळण्याचं कारण म्हणून वापरतो. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठीच.

माझी एक आतेबहीण आहे. मी तिला ताई म्हणते. तिची परवानगी घेऊन आणि तिला वाचून दाखवून हे लिहिते आहे. वीस वर्षांहून जास्त संसार करून ती माहेरी परतली तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. तिचा दावा माझ्याकडे नव्हता. घरचं माणूस म्हणून तो मी दुसऱ्या वकिलांकडे दिला. उलटतपासणीचा दिवस होता. तिला प्रत्येक दागिन्याबद्दल विचारलं गेलं: कुणी घातला, कधी घातला, पावती कुठे आहे. मग तिच्या वागण्याबद्दल विचारलं गेलं, आणि त्या प्रश्नांना पावतीची गरज नव्हती. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभी राहिली, सगळी उत्तरं दिली, घरी आली, आत्यासाठी भाकऱ्या थापल्या, स्वतः जेवली नाही.

रात्री तिच्या जबड्यात आणि दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीत, दुखायला लागलं. छातीत म्हणावं तर तसं नाही, पण मोठा दगड ठेवल्यागत दाब. दरदरून घाम. आत्या म्हणाली, “दिवसभर उपाशी हाईस, पित्त चढलंय. सोडा पी जरा.” वाड्यातल्या दुसऱ्या दोघींचंही हेच मत पडलं. शेजारी मिरजेच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. त्या आल्या, त्यांनी ताईच्या पाठीला हात लावला, ब्लाऊज ओला चिंब झालेला पाहिला आणि म्हणाल्या, “हे पित्त न्हवं. चला.” त्या एका शब्दावर सगळी हलली. सांगलीकरांचं एक भाग्य आहे, मिरज हाकेच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेला येतात. आम्हाला रात्रीची वाहतूक नसल्यानं पोचायला वेळच लागला नाही.

ईसीजीत बदल होते. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. सगळी लक्षणं हार्ट ॲटॅकची. अँजिओग्राफी केली. धमन्या मोकळ्या होत्या. कुठेही अडथळा नाही. मग इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं, की हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक आकुंचन पावतच नाही, ते फुग्यासारखं फुगलंय आणि वरचा भाग जिवाच्या आकांतानं काम करतोय.

या आजाराचं वर्णन १९९० मध्ये जपानमध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा केलं. फुगलेल्या हृदयाचा आकार तिकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ताकोत्सुबो म्हणतात. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या रक्तात ॲड्रेनालिनसारखी ताणाची संप्रेरकं मोजली, तर ती नेहमीच्या हार्ट ॲटॅकच्या रुग्णांपेक्षाही कितीतरी जास्त निघाली. जवळच्या माणसाचा मृत्यू, भांडण, अपघात, मोठी भीती, असं काहीतरी आधी घडलेलं असतं. शंभरातल्या नव्वदच्या आसपास रुग्ण स्त्रिया असतात आणि त्यातल्या बहुतेक पाळी गेलेल्या. इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधलं संप्रेरक हृदयाला काही प्रमाणात ताणापासून जपतं, ते कवच या वयात उतरलेलं असतं, असं मानलं जातं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत आकुंचन पावू लागतं. पण म्हणून हा आजार सौम्य समजू नये. पहिल्या दिवसांत फुप्फुसात पाणी होऊ शकतं, हृदयाची लय बिघडू शकते, माणूस दगावूही शकतो. आणि तो पुन्हा उद्भवू शकतो.

आमच्या नातेवाइकांना यातलं एकच वाक्य ऐकू आलं: ब्लॉक नाही. “म्हणजे ॲटॅक नव्हताच की. टेन्शनच होतं.” हे सुटकेच्या स्वरात म्हटलं गेलं, पण ताईच्या चेहऱ्यावर मी काय पाहिलं ते मला माहीत आहे. अतिदक्षता विभागात पडलेल्या बाईला आपण नाटक केलं असं वाटावं, ही वेळ तिच्यावर तिच्याच माणसांनी आणली होती. मी डॉक्टरांना हात जोडून विनंती केली, की बाहेर बसलेल्या सगळ्यांना एकदा तुम्ही सांगा. त्यांनी इकोची चित्रं मोबाइलवर दाखवून सांगितलं. मन आणि हृदय वेगवेगळ्या गावांना राहत नाहीत, हे त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कळलं.

ताकोत्सुबो तसा विरळा. घटस्फोटाचा मोठा हिशेब दुसरीकडे आहे, हळूहळू साचणाऱ्या नुकसानीत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे मॅथ्यू डुप्री आणि सहकारी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकदा तरी लग्न झालेले १५,८२७ लोक, वय ४५ ते ८०, आणि १९९२ ते २०१० एवढ्या काळात त्यांच्या दर दोन वर्षांनी मुलाखती. एकदा घटस्फोट झालेल्या स्त्रियांत हार्ट ॲटॅकची जोखीम लग्न टिकलेल्या स्त्रियांपेक्षा २४ टक्क्यांनी जास्त होती. दोन किंवा अधिक घटस्फोट झालेल्यांत ७७ टक्क्यांनी. पुरुषांत एका घटस्फोटानंतर वाढ दिसली ती थोडी, ठामपणे सांगता येण्याजोगी नाही; दोन किंवा अधिक घटस्फोटांनंतर ३० टक्के. पुनर्विवाह केलेल्या पुरुषांची जोखीम लग्न टिकलेल्या पुरुषांच्या बरोबरीला आली. पुनर्विवाह केलेल्या स्त्रियांची मात्र ३५ टक्क्यांनी जास्तच राहिली.

हे शेवटचे दोन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. पुरुषाला नवीन घर मिळालं की त्याच्या हृदयाला आधार मिळतो. बाई नवीन घरात गेली तरी जुनं ओझं तिच्याबरोबर जातं. हा अमेरिकेचा अभ्यास आहे, तिथली लग्नं, नोकऱ्या, विमे वेगळे. आपल्याकडे दोन-दोन घटस्फोट झालेल्या किती बायका सापडतील? पण माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांकडे पाहून मला असं वाटतं, की तिकडच्या दुसऱ्या घटस्फोटाइतका ताण आपण इथे पहिल्याच घटस्फोटात भरून देतो. हे माझं मत आहे, आकडा नाही. तिथे डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, झाल्यावर माणूस मोकळा होतो. इथे ती झाल्यावर धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय, हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, पोराच्या दाखल्यावर नाव कुणाचं, हे सगळं सुरू होतं.

आणि आपली हृदयं आधीच घाईत असतात. जगभरातल्या ५२ देशांत डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हार्ट ॲटॅकची बहुतांश जोखीम ज्या नऊ गोष्टींनी समजावता येते, त्यांत तंबाखू, चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर यांच्याबरोबर मानसिक-सामाजिक ताणही होता: घरातला, कामाचा, पैशाचा, आणि आयुष्यातल्या मोठ्या उलथापालथी. त्यातल्याच दक्षिण आशियाई लोकांच्या माहितीवर नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि इतरांनी २००७ मध्ये लिहिलं, तेव्हा दिसलं की आपल्याकडे पहिला ॲटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांत एकोणसाठीच्या आसपास. सहा वर्षं आधी. म्हणजे इतर देशांत ज्या वयात जोखीम वाढू लागते, त्या वयात आपला माणूस तिच्या मध्यावर असतो. चाळीस-पंचेचाळीसच्या अशिलाला ‘अजून काय वय आहे तुमचं’ असं म्हणणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

ताण हृदयापर्यंत पोचतो कसा, हे मी डॉक्टर नसूनही समजून घ्यायचा प्रयत्न केला, कारण समोरच्याला पटवायचं तर वाट दाखवावी लागते. भीती वाटली की ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटायला तयार होतात. वाघ समोर आला तर हे सगळं उपयोगाचं. वाघ जातो, शरीर निवतं. दावा जात नाही. तो महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा समोर येतो आणि मधल्या काळात वकिलांच्या फोनमधून, सासरच्या गावाहून आलेल्या निरोपातून, मुलांच्या व्हॉट्सॲपवरून घरात असतोच. मग कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, साखर आणि पोटावरची चरबी वाढते. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के खाली यायचा असतो, तो नीट खाली येत नाही. पहाटे तीनला टक्क जागं असलेल्या माणसाचा येणार तरी कसा?

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ मध्ये बॉस्टनच्या डॉ. अहमद तवाकोल यांच्या गटानं २९३ लोकांच्या स्कॅनमधून दाखवलं, की मेंदूत भीती हाताळणारा अमिग्डाला नावाचा भाग ज्यांच्यात जास्त तापलेला, त्यांच्या हाडांच्या मगजातही हालचाल जास्त, धमन्यांत दाह जास्त, आणि पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचं प्रमाणही जास्त. भीती मेंदूत, तिथून हाडात, तिथून धमनीत. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्याला मी हे सांगते.

पण माझ्या रोजच्या पाहण्यात दुसरी वाट जास्त येते, आणि तिच्यासाठी स्कॅन लागत नाही. माणूस स्वतःकडे बघायचं सोडतो. सकाळी निघायच्या गडबडीत रक्तदाबाची गोळी राहते. मग ‘दोन दिवस नाही घेतली तरी काही झालं नाही’ म्हणून आठवडा जातो. काही गोळ्या अशा अचानक सोडल्या तर रक्तदाब उसळी मारतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. बायका दिवसदिवस चहावर काढतात. खेड्यातून येणाऱ्या कित्येक जणींची मिसरी वाढते. आधी सकाळी एकदा लावायच्या, आता रात्रीही डबी हातात. तंबाखू पोटात गेला काय आणि हिरडीला लागला काय, निकोटिन रक्तात जातंच.

कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ माझे अशील होते. बायको मुलांना घेऊन माहेरी गेल्यावर ते एका खोलीत राहायला लागले. मेसचा डबा, तोही रात्री उशिरा, खारट लोणच्याबरोबर. आधी कधीतरी घेणारे, आता शनिवार-रविवार धरून बसायला लागले. मधुमेहाच्या गोळ्या कुठल्या वेळी घ्यायच्या हे त्यांची बायको जाणे. पाकीट तीच हातात द्यायची. त्या घरात दोघांचं पटत नव्हतं हे खरंच होतं, पण त्या न पटणाऱ्या संसारातही कुणीतरी कुणाची गोळी मोजत होतं. ते मोजणं थांबलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे त्यांना ॲटॅक आला, खरा, धमनीत अडथळ्याचा. वाचले ते रात्रपाळीच्या सहकाऱ्यामुळे. पुरुषांच्या घटस्फोटात ‘मोकळा झालास’ म्हणणारे मित्र पुष्कळ भेटतात, ‘साखर तपासलीस का’ म्हणणारा एखादाच. त्यांची माझ्याकडची तक्रार कधीही छातीबद्दल नव्हती, ती कायम मुलांना भेटायला मिळत नाही याबद्दल होती. आता मला वाटतं, दोन्ही एकच तक्रार होती.

इथे एक धोका आहे आणि तो मला स्पष्ट बोलायचा आहे. हे सगळं वाचून कुणीतरी म्हणेल, बघा, म्हणून सांगत होतो, जुळवून घ्या, नांदा, घटस्फोटानं हृदय बिघडतं. हा निष्कर्ष चुकीचा आहे. स्टॉकहोममध्ये हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ३० ते ६५ वयाच्या २९२ स्त्रियांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला. क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी २००० साली त्याचे निष्कर्ष मांडले. ज्यांच्या संसारात तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा हृदयाचा झटका किंवा तसा गंभीर त्रास होण्याची जोखीम २.९ पट होती. नोकरीतल्या ताणानं तसा फरक पडला नाही. घरातल्या ताणानं पडला. म्हणजे मोडलेलं लग्न हृदयाला जड जातं, आणि न मोडता जाळत राहिलेलं लग्नही जड जातं. ओहायोतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी तर जोडप्यांच्या हातावर, कोपराखाली, छोट्या जखमा करून मोजलं: एकमेकांशी वैरभावानं बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या साठ टक्केच होता. ज्या घरात कातडी भरून येत नाही, तिथे ‘नांद’ म्हणून मुलीला परत पाठवणाऱ्यांनी काय राखलं?

शिवाय आपल्या भागात तिसरा प्रकारच सगळ्यात मोठा आहे. ना नांदवणं, ना सोडणं. नवऱ्यानं दुसरी आणलेली, हिला माहेरी धाडलेलं, कागद काहीच नाही. अशा टाकलेल्या बायकांचा प्रश्न ऐंशीच्या दशकात आपल्याच सांगली जिल्ह्यात, वाळवा-खानापूरच्या पट्ट्यात, कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं रस्त्यावर आणला. परित्यक्तांना रेशनकार्ड हवं, राहायला जागा हवी, असं मागणं लावून धरलं. रेशनकार्ड! आज मला त्या मागणीतलं शहाणपण नव्यानं दिसतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, पण दवाखान्याच्या खिडकीवर पहिल्यांदा मागतात ते रेशनकार्डच. माहेरी येऊन दहा वर्षं झालेल्या बाईचं नाव अजून सासरच्या कार्डावर असतं, किंवा तिथून कमी झालेलं असतं आणि इकडे चढलेलं नसतं. नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून तर ती कधीच बाहेर पडलेली असते. छातीत कळ आली तर ती सोसण्याचं हेही एक कारण असतं: दवाखान्यात कार्ड विचारतील.

ताईच्या वेळी दाखल करताना फॉर्मवर प्रश्न आला, “मिस्टर कुठे आहेत? सही लागेल.” ती शुद्धीवर होती, सगळं समजत होतं. आत्याचा चेहरा पडला. मी वकील म्हणून पुढे झाले आणि सांगितलं, की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: संमती रुग्णाची, आईची-नवऱ्याची तिच्याऐवजी चालत नाही. ताईनं सही केली. नाव लिहिताना आडनावापाशी तिचा हात थांबला, मग तिनं माहेरचं लिहिलं. वाचणाऱ्या एकट्या बायकांनो, हे लक्षात ठेवा. कुणी अडवलं तर शांतपणे सांगा, माझी सही मी करते.

आता थोडं माझ्या स्वतःच्या घराबद्दल, म्हणजे न्यायालयाबद्दल. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब आलं, परस्पर संमतीचा घटस्फोट. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, अर्ज केल्यावर पुन्हा सहा महिने थांबावं. या सहा महिन्यांमागे हेतू चांगला होता, घाईत मोडू नये. पण ज्यांचं आधीच सगळं संपलंय, पोटगी-ताबा सगळं ठरलंय, त्यांच्यासाठी हे सहा महिने म्हणजे शिक्षेतली वाढ. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की योग्य परिस्थितीत कनिष्ठ न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. तरी कित्येक प्रकरणांत तसा अर्जच केला जात नाही. मी करते, आणि करावा असं नवीन वकिलांना सांगते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोघांनी मिळकतीचं शपथपत्र द्यावं असं ठरवून दिलं. त्याचा पाठपुरावा केला, तर पैशाची निम्मी भीती कमी होते. पैशाची भीती हीही ‘इंटरहार्ट’मधल्या त्या ताणांतलीच एक.

लढवलेला दावा मात्र वर्षानुवर्षं चालतो. माझ्या पाहण्यात माणसाला निकाल तितका खचवत नाही, जितकी पुढे ढकललेली तारीख खचवते. आदल्या रात्रीपासून शरीर तयारीला लागलेलं असतं. जत, आटपाडीहून पहाटेची एसटी पकडून बाई येते, अकरापासून बाकावर बसते, चार वाजता कळतं की समोरचे वकील आज दुसऱ्या कोर्टात आहेत. पुढची तारीख. सगळी तयारी वाया, आणि शरीराला ती पुन्हा करायची आहे. हे प्रत्येक वेळी हृदयावर चढतं, असं मला अगदी मनापासून वाटतं. तहकुबीच्या अर्जावर आपण कारण लिहितो, त्याची किंमत कुठल्या अंगानं कोण भरतंय ते लिहायला रकाना नाही.

म्हणून अलीकडे नवीन अशील आलं की वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी चार गोष्टी विचारते. कुठली गोळी चालू आहे आणि ती कोण आठवण करून देतं. रक्तदाब आणि साखर शेवटी कधी तपासली. घरात हृदयविकार कुणाला झालाय का. आणि रात्री अचानक बरं वाटेनासं झालं तर दार कोण उघडेल. चौथ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. मग आम्ही एक नाव आणि नंबर ठरवतो आणि तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहितो. पन्नाशीच्या पुढच्यांना, तंबाखूवाल्यांना, मधुमेह्यांना मी दावा दाखल करण्याआधी एकदा ईसीजी काढून घ्यायला सांगते, जुना कागद हाताशी असला की पुढे काही झाल्यास डॉक्टरांना तुलना करता येते. झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, काही करावंसं वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगते आणि तेही दवाखान्यात जाण्यासारखंच आहे असं सांगते. नैराश्य हृदयाला त्रास देतं, हेही आता सिद्ध आहे.

आणि बायकांना खास सांगते, की ॲटॅक म्हणजे दर वेळी सिनेमातल्यासारखी छाती धरून कोसळणं नव्हे. जबडा दुखतो, पाठ दुखते, डावा किंवा उजवा हात भरून येतो, दम लागतो, मळमळतं, गार घाम फुटतो, विचित्र थकवा येतो. पित्त समजून रात्र काढू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत येते. धमनी बंद पडलेली असेल तर प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. धमनी मोकळी निघाली, तर कुणी हसणार नाही, आणि हसलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

ताई आता ठीक आहे. इको पूर्ववत आला. गोळ्या चालू आहेत, सकाळी हरिपूर रस्त्यानं चालते, बचत गटाचा हिशेब सांभाळते. दावा अजून चालू आहे. मात्र तिच्या वकिलांनी तिची उरलेली उलटतपासणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं व्हावी म्हणून वैद्यकीय कागद जोडून अर्ज केला आणि तो मंजूर झाला. असा अर्ज करता येतो हे किती जणींना माहीत आहे? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हेही बहुतेकींना माहीत नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिबिरं घेतंच. त्याच शिबिरात एक रक्तदाबाचं यंत्र, एक साखरेचं यंत्र आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातले दोन शिकाऊ डॉक्टर बसवायला फार खर्च येणार नाही. तसं पत्र मी लिहिलं आहे. बार असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत ते मांडणार आहे. माझ्या दोन सहकाऱ्यांच्या सह्या झाल्या आहेत. सांगलीत, इस्लामपुरात, विट्यात हे दावे चालवणाऱ्या वकिलांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांचीही सही मला हवी आहे.